इंजिन बंद पडलं की आधी नाक, मग वळण



हल्ली काही शाळांमधून मॉडेल विमानांचा उपक्रम घेतला जातो. थर्माकोलचं किंवा फोमचं विमान, पुढे छोटी मोटर आणि पंखा, हातात रिमोट. मुलांना हे भयंकर आवडतं. विज्ञान प्रदर्शन असो नाहीतर स्नेहसंमेलन, विमान उडालं की सगळं गाव माना वर करून बघत राहतं. आम्हीही आमच्या शाळेत शनिवारच्या तासाला हे करतो. पण या उपक्रमात आपण एक गोष्ट हमखास उलट्या क्रमानं शिकवतो. मीसुद्धा तशीच शिकवली होती. विमान वर कसं न्यायचं ते आपण आधी शिकवतो, आणि मोटर मध्येच बंद पडली तर ते कसं वळवायचं, कुठं उतरवायचं, हे "बघू पुढे" म्हणून सोडून देतो.

माझं स्पष्ट मत आहे की हा धडा पहिला पाहिजे. ज्या मुलाला बंद इंजिनाचं विमान सांभाळता येत नाही, त्याच्या हातात चालू इंजिनाचं विमान देऊ नये. हे मत कसं झालं ते आधी सांगते.

मी काय ओरडले

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सकाळी शाळेमागच्या माळावर विमान उडवून दाखवायचं ठरलं. पालक आले होते. पहिली-दुसरीची पोरं कडेला सतरंजीवर बसवली होती. रिमोट सातवीतल्या एका मुलीकडे होता. तिचा हात चांगला होता, महिनाभर सराव केला होता. विमान सव्वा मीटर पंखांचं, वजन किलोच्या आत.

वाऱ्याच्या समोर विमान सोडलं, छान चढलं. बांधावरच्या बाभळीच्या थोडं वर गेलं असेल-नसेल, तोच मोटरचा आवाज थांबला. बॅटरी आदल्या दिवशीच्या सरावात वापरलेली होती, ती पूर्ण चार्ज करायची राहून गेली होती. ती चूक माझी.

विमानाच्या समोर तूर काढून झालेलं रिकामं शेत होतं. ते तसंच सरळ गेलं असतं तर त्या शेतात जाऊन बसलं असतं. फार तर पंखा मोडला असता. पण मी काय केलं? मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "अगं वळव, वळव! परत आण!" माझं ऐकून आणखी चार जण ओरडायला लागले.

तिनं ऐकलं. विमान झटक्यात वळवलं. वळताना ते खाली यायला लागलं म्हणून स्टिक मागे ओढली. त्याबरोबर एक पंख एकदम खाली गेला आणि विमान गिरकी घेत नाकावर आपटलं. सतरंजीपासून पाच-सहा पावलांवर. कुणाला लागलं नाही. पण विमानाचं नाक मातीत रुतलं होतं, आणि त्या पाच-सहा पावलांची आठवण आली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

"पोरीच्या हातात दिलंच कशाला?" असं लोक बोलले. मी त्या वेळी गप्प बसले, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, परत आण म्हणून?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. सांगितलं ते केलं, मग चुकलं कुठं, एवढंच तिला विचारायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं. त्यानंतर मी हा विषय नीट शिकायला बसले. जे कळलं ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचं आहे म्हणून मांडते.

इंजिन बंद पडलं तरी विमान उडतंच

बहुतेक मुलांना आणि आपल्यालाही वाटतं की मोटर विमानाला वर धरून ठेवते. खरं तर विमानाला वर धरतात ते पंख, आणि पंखांना त्यासाठी लागते वाहती हवा, म्हणजेच वेग. मोटरचं काम फक्त हा वेग टिकवण्याचं. मोटर थांबली तर वेग दुसरीकडून आणायचा. तो येतो उंचीतून.

मुलांना मी सायकलचं उदाहरण देते. सपाट रस्त्यावर पायडल मारणं थांबवलं की सायकल हळू होत होत डगमगते आणि पडते. पण उतारावर पायडल न मारताही ती मजेत पळते. मोटर बंद पडलेलं विमान म्हणजे पायडल थांबलेली सायकल. त्याला उतार द्यायचा, म्हणजे नाक थोडं खाली करायचं. उतार रस्त्यासारखा द्यायचा, विहिरीसारखा नाही.

अडचण अशी की घाबरलेला हात नेमकं उलटं करतो. विमान खाली येताना दिसलं की आपण स्टिक मागे ओढतो, नाक वर करतो. सायकलवाल्यानं पायडल थांबवून वर चढावावर हँडल वळवावं, तसा हा प्रकार. वेग मरतो. हवा पंखाला समोरून लागायची ती खालून तिरकी लागायला लागते. हा तिरकेपणा एका मर्यादेपलीकडे गेला, साधारण १५ अंशांच्या आसपास, की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा तिथून सुटते आणि पंखाचं बळच जातं. याला 'स्टॉल' म्हणतात. स्टॉल झालेलं विमान मोटर असली तरी पडतं, नसली तरी पडतं. उंची भरपूर असेल तर नाक खाली करून सावरता येतं. बाभळीच्या उंचीवर सावरायला जागाच नसते.

वळताना विमान जड होतं

आता वळणाकडे येऊ. पाण्याची बादली हातात धरून गोल फिरवली की ती जड लागते, हे आपण लहानपणी केलेलं आहे. वळणाऱ्या विमानाचंही तसंच होतं. विमान वळतं ते एका बाजूला झुकून. झुकलं की पंखांचं बळ तिरकं होतं. त्यातला काही भाग विमानाला बाजूला ओढण्यात खर्च होतो आणि वर धरायला कमी उरतो. उंची टिकवायची तर पंखांना जास्त बळ लावावं लागतं. हिशेब असा:

- ३० अंश झुकवून वळलं तर पंखांवरचा भार वजनाच्या १.१५ पट. स्टॉल ज्या वेगाला होतो तो वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो.
- ४५ अंशांना भार १.४१ पट, स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के जास्त.
- ६० अंशांना भार दुप्पट. एक किलोचं विमान पंखांना दोन किलोचं वाटतं. स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्के जास्त.

म्हणजे सरळ जाताना ज्या वेगाला विमान आरामात तरंगत होतं, त्याच वेगाला ते ६० अंश झुकवलं की कोसळतं. आमच्या विमानाचं नेमकं हेच झालं. मोटर नाही, वेग कमी होत चाललेला, त्यात तीव्र वळण, त्यात स्टिक मागे. शिवाय दोन्ही पंख एकाच क्षणी बळ सोडतीलच असं नाही. एक आधी सोडतो, तो खाली जातो, आणि विमान गिरकी घेतं.

जमिनीवर उभं राहून बघणाऱ्याची फसगत

मॉडेल विमानात आणखी एक गंमत आहे, आणि ती खऱ्या वैमानिकापेक्षा आपल्याला जास्त नडते. आपण विमानात बसलेले नसतो. आपल्याला विमानाचा हवेतला वेग कळत नाही, जमिनीच्या मानानं ते किती पळतंय तेवढंच दिसतं.

विमान आपण वाऱ्याच्या समोर सोडतो. मागे वळलं की वारा त्याच्या पाठीशी येतो. समजा विमानाचा हवेतला वेग सेकंदाला ९ मीटर आहे आणि वारा ४ मीटरचा. वाऱ्यासमोर जाताना ते आपल्याला ५ मीटरनं जाताना दिसतं, मागे वळल्यावर १३ मीटरनं. हवेतला वेग तोच, पण बघणाऱ्याला वाटतं, बाप रे, किती सुसाट निघालंय! मग तो वेग कमी करायला स्टिक मागे ओढतो. आणि स्टॉल.

दुसरी फसगत म्हणजे विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. त्यावर सोपा उपाय आहे: जो पंख खाली झुकलेला दिसतोय, स्टिक आपल्या त्याच हाताच्या बाजूला न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय. मुलांना ही 'टेकू'ची खूण पटकन लक्षात राहते.

शिवाय परत यायचं म्हणजे अर्धं वर्तुळ पुरत नाही. वळता वळता विमान पट्टीच्या एका बाजूला सरकलेलं असतं. ते पुन्हा ओळीत आणायला अजून वळावं लागतं, म्हणजे अजून उंची जाते. मोठ्या विमानांचे वैमानिकसुद्धा उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळण्याचा मोह टाळायला शिकतात.

१५ जानेवारी २००९ ची न्यूयॉर्कची घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांचा थवा आदळून निकामी झाली. कॅप्टन सुलेनबर्गर यांनी विमानतळाकडे परत न फिरता हडसन नदीत विमान उतरवलं आणि सगळे १५५ जण वाचले. पुढे चौकशीत हाच प्रसंग सिम्युलेटरवर करून पाहिला. क्षणाचाही विलंब न करता वळलेले काही जण विमानतळापर्यंत पोहोचले. पण विचार करायला ३५ सेकंद धरून वळल्यावर विमान पोहोचलं नाही. आपलं मॉडेल ३० मीटरवर असेल तर मोटर बंद पडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत आपल्या हातात जेमतेम बारा-पंधरा सेकंद असतात. तेवढ्यात मुलानं विचार करावा ही अपेक्षा चूक आहे. विचार विमान सोडण्याआधीच झालेला हवा.

मग करायचं काय?

आमच्याकडे आता हा क्रम ठरलेला आहे. विमान सोडण्याआधी प्रत्येक मूल तो तोंडानं म्हणून दाखवतं.

१. आवाज थांबला की पहिलं काम नाक. स्टिक किंचित पुढे. वळायचं आहे की नाही हा प्रश्न नंतरचा.

२. थ्रॉटल शून्यावर. बॅटरी उतरली की कंट्रोलर मोटरचा पुरवठा तोडतो, पण बहुतेक इलेक्ट्रिक विमानांत रिमोटचं नियंत्रण चालू राहील एवढी वीज राखून ठेवतो. म्हणजे मोटर गेली तरी विमान आपलं ऐकत असतं, हे मुलांना आवर्जून सांगा. थ्रॉटल उघडा राहिला तर मोटर मध्येच फिरू शकते आणि उचलायला गेलेल्याची बोटं कापू शकते.

३. मोठ्यानं "डेड स्टिक!" म्हणायचं. मॉडेल उडवणाऱ्यांमध्ये बंद इंजिनाच्या विमानाला हाच शब्द आहे. तो ऐकला की बाकीच्यांनी जागा मोकळी करायची.

४. उंची कमी असेल, झाडाच्या शेंड्याच्या आसपास, तर सरळ समोर. शेत असो, गवत असो, थोडं डावं-उजवं करून मोकळी जागा गाठायची. मागे वळायचं नाही म्हणजे नाही.

५. उंची मध्यम असेल तर फार तर पाव वळण. भरपूर उंची असेल तरच पूर्ण फेरी मारून पट्टीवर यायचं. तेव्हाही विमान वाऱ्याच्या दिशेनं लांब जाऊ द्यायचं नाही. तिथून वाऱ्याला कापत परत यायला मोटर नसते.

६. वळण उथळ, २० ते ३० अंशांपेक्षा जास्त झुकवायचं नाही. वळताना नाक खालीच. आणि वळायचं ते नेहमी माणसांपासून लांब.

७. शेवटचं वळण विजेच्या खांबाच्या उंचीच्या वरच संपवायचं. त्याखाली पंख सरळ, वळण बंद. जमिनीपासून हातभर उरलं की मग स्टिक हळूच मागे.

हे नियम आमच्या विमानाच्या आकाराला धरून केलेले आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर उंचीचे टप्पे करून बघून ठरवा. विमानतळाजवळ किंवा वस्तीवर उडवू नका, आपल्या भागात परवानगी आहे का ते आधी बघा. आणि प्रेक्षक नेहमी उडवणाऱ्याच्या मागे, पुरेशा अंतरावर. सतरंजी कडेला टाकायची नाही. हे मी फार महाग पडता पडता शिकले.

राइट बंधूंचा क्रम

हा क्रम मी नवा शोधलेला नाही. विमानाच्या इतिहासातच तो आहे. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं इंजिनाचं उड्डाण आपण सामान्यज्ञानात पाठ करून घेतो. पण त्याआधी १९०० ते १९०२ अशी तीन वर्षं ते अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर बिनइंजिनाची ग्लायडर उडवत होते, हे सांगत नाही. १९०१ चं ग्लायडर वळवायला गेलं की भलतंच वागायचं. १९०२ साली त्यांनी मागचं शेपूट हलतं केलं आणि त्या एका हंगामात सातशेच्या वर वेळा घसरत उडून वळण पक्कं केलं. इंजिन बसवलं ते त्यानंतर.

त्यांच्या आधी जर्मनीत ओटो लिलिएंथाल यांनी दोन हजारांच्या आसपास ग्लायडर उड्डाणं केली होती. ऑगस्ट १८९६ मध्ये त्यांच्या ग्लायडरचा हवेत स्टॉल झाला, ते सुमारे १५ मीटरवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या मृत्यूच्या बातमीनंच राइट बंधूंचं लक्ष या विषयाकडे पुन्हा वळलं. ज्यांनी विमान शोधलं त्यांना पडणं हा प्रश्न आधी सोडवावासा वाटला. आणि आपण आठ दिवसांवर स्नेहसंमेलन आलं म्हणून थेट मोटर लावून मोकळे होतो!

वर्गात कसं घ्यावं

यासाठी रिमोटचं विमान लागत नाही. सुरुवात हातानं फेकायच्या ग्लायडरनं करा. फोमची शीट किंवा जुन्या थर्माकोलच्या प्लेट, फेविकॉल, थोडी क्ले. कापण्याचं काम मोठ्यांनी करावं.

पहिला तास: नाकाला क्ले न लावता ग्लायडर फेका. ते वर उठतं, थबकतं, धपकन खाली जातं, पुन्हा उठतं. हाच स्टॉल. मुलांना तो डोळ्यांनी दिसतो. मग नाकाला थोडी थोडी क्ले लावत जा. एका क्षणी ग्लायडर सरळ, शांत घसरत जातं. "नाक थोडं जड केलं तर लांब का गेलं?" हा प्रश्न मुलांवर सोडा. चौथीतली मुलं इतकी छान उत्तरं देतात की मला दरवेळी काहीतरी नवीन मिळतं.

दुसरा तास: शेपटीचा उभा तुकडा किंचित वाकवा आणि शाळेच्या स्टेजवरून फेका. ग्लायडर वळतं. थोडा आणखी वाकवा, मग आणखी. जितकं वळण तीव्र, तितकं ते लवकर खाली येतं. मोबाईलवर सेकंद मोजा आणि फळ्यावर तक्ता करा.

तिसरा तास गणिताचा: दीड मीटर उंचीवरून सोडलेलं ग्लायडर सहा मीटर गेलं तर गुणोत्तर १:४. आता उदाहरण घाला. ३० मीटर उंचीवर मोटर बंद पडली, वारा नाही, गुणोत्तर १:४. सरळ किती जाईल? १२० मीटर. वळण्यात १२ मीटर उंची गेली, तर उरलेल्या १८ मीटरमध्ये किती जाईल? ७२ मीटर. पट्टी ९० मीटर मागे आहे. वळायचं का? सहावीच्या मुलांना 'गुणोत्तर कशाला शिकायचं' हा प्रश्न त्यानंतर पडत नाही.

रिमोट हातात द्यायचा तो यानंतर. तोही आधी भरपूर उंचीवर नेऊन, शिकवणाऱ्यानं मुद्दाम थ्रॉटल शून्यावर आणून, "चल, आता मोटर नाही असं समज" म्हणत. प्रत्यक्ष उड्डाणाला टायमर लावा आणि बॅटरी पार उतरेपर्यंत उडवू नका. बॅटरी चार्ज आहे की नाही ते मीटर लावून बघा, आठवणीवर विसंबू नका.

"मुलांना आधीच पडण्याचं कशाला सांगायचं?"

पालकसभेत मला हा प्रश्न विचारला गेला. पोरं घाबरतील, हौस मरेल, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न चुकीचा नाही. पण माझा अनुभव उलटा आहे. मूल घाबरतं ते काय करायचं माहीत नसल्यामुळे. पोहायला शिकवताना आपण आधी तरंगायला शिकवतो, तेव्हा बुडण्याची भीती घालत नसतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सरळ शेतात उतरवलं तर विमान मोडेल, त्यापेक्षा पट्टीवर आणायचा प्रयत्न केलेला बरा, असं काही सहकारी म्हणाले. विमानाला पैसे पडलेत, वर्गणी काढून घेतलंय, हे मलाही ठाऊक आहे. पण हाच विचार मुलाच्या डोक्यात असतो आणि तोच त्याला वळायला लावतो. "सर रागावतील, विमान हजारो रुपयांचं आहे." म्हणून आमच्याकडे मी सुरुवातीलाच सांगून टाकते: मोटर बंद पडली त्या क्षणी विमान गेलं असं समजा. आता फक्त माणसं वाचवायची आहेत. विमान वाचलं तर फायदा. शेतात उतरवून मोडकं विमान हातात घेऊन आलेल्या मुलाला पूर्ण गुण. धोक्याचं वळण घेऊन पट्टीवर सुखरूप आणलेल्याला शाबासकी नाही, उलट थोडं बोलणं. हे सुरुवातीला मुलांना चमत्कारिक वाटतं, पण लवकर पटतं.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, आपली सवय आहे. मूल अडचणीत दिसलं की आपण कडेवरून ओरडतो. दहा जण दहा सूचना देतात. विमान उडवताना हे थेट धोक्याचं आहे. म्हणून आमच्या माळावर नियम आहे. मोटर बंद पडली की सगळे गप्प. बोलायचंच असेल तर शिकवणाऱ्यानं एकच शब्द बोलायचा: "नाक!"

शेवटी

ती मुलगी त्या प्रसंगानंतर बरेच शनिवार आली नाही. मी तिच्या घरी गेले. तिच्या आईसमोर सांगितलं की चूक तिची नव्हती, माझी होती, आणि का होती तेही सायकलचं उदाहरण देऊन सांगितलं. आई म्हणाली, "मॅडम, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होतं." खरं होतं. पुढच्या सोमवारी परिपाठाला मी ते सगळ्यांसमोर बोलले.

नंतर ती चौथीच्या मुलांबरोबर ग्लायडर फेकायला यायला लागली. रिमोट घ्यायला तयार नव्हती, मीही आग्रह केला नाही. शाळा सोडायच्या आधी, एप्रिलमध्ये, तिनं स्वतःहून मागितला. दुसऱ्या फेरीत एक तार निसटली आणि मोटर खरोखर बंद पडली. मी तोंड गच्च मिटून उभी होते. तिनं नाक खाली केलं, एकदा पट्टीकडे बघितलं, आणि विमान समोरच्या नांगरलेल्या रानात सरळ नेऊन ठेवलं. ढेकळाला लागून पुढचा पंखा तुटला. आम्ही दोघी उन्हातून ते उचलायला गेलो. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, वळले असते तर नसतं पोहोचलं."

यंदा तुमच्या शाळेत विमानाचा उपक्रम होणार असेल तर माझी एवढीच विनंती आहे. मोटर नंतर लावा. आधी चार शनिवार ग्लायडर फेका, नाक आणि वळण मुलांच्या हातात बसू द्या. आणि पालकहो, आपलं मूल रिमोट घेऊन उभं असेल आणि मोटरचा आवाज थांबला, तर "परत आण" म्हणून ओरडू नका. समोरच्या शेतात उतरलेलं विमान उचलायला त्याच्याबरोबर चालत जा.